जुन्या ४०१के च्या पैशातून भाड्याचं घर: कोणी घेतलंय का?

रॅलेकर

नमस्कार मंडळी. नोकरी बदलली, जुन्या कंपनीच्या ४०१के मध्ये (अमेरिकेतलं नोकरीतलं निवृत्ती खातं) साधारण २,६०,००० डॉलर तसेच पडून आहेत. वय ४६. ते आयआरएत (स्वतः उघडायच्या निवृत्ती खात्यात) वळवावेत असं चाललं होतं, तेवढ्यात ऑफिसातल्या एकाने सांगितलं की त्याने 'सेल्फ-डायरेक्टेड आयआरए' उघडून ओहायोत दोन घरं घेतलीत, भाडं येतं आणि त्यावर टॅक्स शून्य. मला आजवर आयआरए म्हणजे इंडेक्स फंड एवढंच माहीत. त्यात आपल्या लोकांना विटा-सिमेंट डोळ्यांना दिसल्याशिवाय गुंतवणूक केल्यासारखं वाटत नाही, मीही त्यातलाच.

तर, हे खरंच कायदेशीर आहे का? असेल तर इतके कमी लोक का करतात? लेक पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल. युनिव्हर्सिटीजवळ असं घर घेतलं, ती आणि मैत्रिणी तिथे राहिल्या आणि बाजारभावाने भाडं आयआरएत भरलं तर? शिवाय बायकोचा स्वतंत्र प्रश्न: याच पैशातून बाणेरला फ्लॅट येईल का? आमच्या सीपीएला (इथल्या सीएला) विचारलं, तो "नका करू" म्हणाला आणि विषय बदलला. कारण कळलं तर बरं.

हिशेबनीस

कायदेशीर आहे. आयआरए १९७४ च्या एरिसा कायद्याने आला आणि त्यात काय घ्यावं याची यादी कुठेच नाही. काय घेऊ नये याची आहे, तीही छोटी: आयुर्विमा आणि 'कलेक्टिबल्स', म्हणजे चित्रं, गालिचे, पुराणवस्तू, मद्य, बरीचशी नाणी. घर-जमीन त्यात नाही. नेहमीचे मोठे ब्रोकर घर घेऊ देत नाहीत कारण त्यांना ती उस्तवार नको असते. त्यामुळे हेच काम करणारा कस्टोडियन (खातं सांभाळणारी कंपनी) शोधावा लागतो. ४०१के तून थेट त्याच्याकडे रोलओव्हर करा, मधे चेक स्वतःच्या खात्यात भरू नका.

घर तुमच्या नावावर होत नाही. डीडवर (खरेदीखतावर) कस्टोडियनचं नाव, 'अमुक यांच्या आयआरएच्या लाभासाठी' असं. इसाराची रक्कमसुद्धा आयआरएतूनच जायला हवी, "मी आत्ता क्रेडिट कार्डाने भरतो, मग वळते करून घेतो" चालत नाही. प्रॉपर्टी टॅक्स, विमा, प्लंबर सगळं आयआरएतून, आणि भाड्याचा प्रत्येक डॉलर परत आयआरएत.

लेकीचं घर: नाही. टॅक्स कोडचं कलम ४९७५ वाचा. तुम्ही, बायको, आईवडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं, सून, जावई हे सगळे 'डिसक्वालिफाइड'. यांच्यापैकी कोणाशीही त्या घराचा व्यवहार नाही. बाजारभावाने भाडं दिलं, दुप्पट दिलं, तरी नाही. तुम्ही मालक असलेलं घर आयआरएला विकणंही याच बंदीत.

आणि चुकलात तर किरकोळ दंडावर भागत नाही. त्या वर्षाच्या १ जानेवारीलाच अख्खं खातं मोडलं असं धरतात. सगळी रक्कम त्या वर्षाच्या उत्पन्नात, वर ५९½ च्या आतले असाल तर १०% वेगळे. लेकीच्या होस्टेलचे पैसे वाचवायला २,६०,००० वर टॅक्स भरायचा असेल तर खुशाल.

निमकी

आई-बाबा दर उन्हाळ्यात येतात, सहा महिने असतात. दोन भाडेकरूंच्या मधे घर रिकामं असेल तर तेवढे दिवस तिथे राहिले तर? भाडं नाही, काही नाही, नुसतं राहणं.

हिशेबनीस

नुसतं राहणंच तर नाही म्हणतोय कायदा! एक रात्रही नाही. तुम्ही स्वतः गेलात, रंग द्यायला म्हणून थांबलात, तिथेच झोपलात, तरी तेच.

निमकी

आणि सासू-सासरे?

हिशेबनीस

कायद्याच्या शब्दांत पूर्वज, वंशज, वंशजांचे जोडीदार आणि तुमचा जोडीदार आहेत. जोडीदाराचे आईवडील नाहीत. भाऊ-बहीण, काका, मामा, मावस-चुलतही नाहीत. पण भावाला दिलं आणि त्यातून तुमचा फायदा होतोय असं दिसलं तर तेही अंगाशी येऊ शकतं. सासू-सासऱ्यांना ठेवून आईवडिलांना 'तुम्हाला चालत नाही' सांगायचं असेल तर तो प्रश्न आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या, अखत्यारीतला नाही.

टेक्सन_तात्या

=)) वाचनखूण साठवली.

माझ्याकडे २०१५ पासून रॉथमध्ये (टॅक्स भरलेले पैसे घालायचे आणि काढताना टॅक्स नाही, असा आयआरए) मेम्फिसला एक घर आहे, म्हणून पुस्तकाबाहेरचं थोडं.

नळ गळतोय हे दिसत असून पान्हा हातात घ्यायचा नाही. सगळ्या जाणकारांचं एकच म्हणणं: स्वतःचे श्रम म्हणजे खात्यात नियमाबाहेर घातलेली भर, त्या वाटेला जाऊ नका. ज्याला घरदुरुस्तीची हौस आहे, ज्याचा नफाच स्वतःच्या मेहनतीतून येतो, त्याच्यासाठी ही वाट नाही. माझं घर प्रॉपर्टी मॅनेजर बघतो, महिन्याच्या भाड्याच्या १०% घेतो.

दुसरं, रोकड. भर जुलैत एसी गेला. मेम्फिसचा जुलै ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. नवा बसवायचा तर पैसे खात्यातच असायला हवेत. खिशातून टाकायचे तर वर्षाची मर्यादा आड येते, २०२५ साठी ७,००० डॉलर, पन्नाशीच्या वर ८,०००. म्हणून मी घराच्या किमतीच्या पंधराएक टक्के रोकड तशीच ठेवतो, तिच्यावर व्याज काय मिळतं ते विचारू नका. रॅलेकर, २,६०,००० आहेत म्हणून २,४०,००० चं घर बघायला जाऊ नका.

तिसरं, कागद. प्रत्येक बिलासाठी कस्टोडियनला फॉर्म, सही, मग त्यांची पडताळणी, मग चेक. आधीच्या कस्टोडियनकडे तर प्रॉपर्टी टॅक्सचा चेक इतका उशिरा निघाला की काउंटीने व्याज लावलं, आणि ते व्याजही माझ्याच आयआरएतून गेलं. वार्षिक फी वेगळी. दरवर्षी घराची बाजारभावाने किंमत कळवायची, कारण कस्टोडियनला ती फॉर्म ५४९८ वर टाकावी लागते.

एवढं असून मी खूश आहे, कारण रॉथ आहे. भाडंही टॅक्समुक्त, विकल्यावरचा नफाही.

गोदाकाठ

तात्या, रॉथचं ठीक. पण रॅलेकरांचे पैसे ट्रॅडिशनल (आत घालताना टॅक्स नाही, काढताना भरायचा) आहेत ना? तिथे मला हा व्यवहार उफराटा वाटतो.

घर स्वतःच्या नावावर घेतलं तर सरकार आधीच भरपूर देतं. २,००,००० चं घर, त्यात जमीन ४०,००० धरा. उरलेल्या १,६०,००० वर २७.५ वर्षं डेप्रिसिएशन (घसाऱ्याची वजावट), म्हणजे वर्षाला साधारण ५,८०० डॉलर. खर्च जाऊन भाड्यातले १०,००० उरले तर टॅक्स ४,२०० वरच. विकताना नफ्यावर बहुतेकांना १५%, घेतलेल्या डेप्रिसिएशनवर जास्तीत जास्त २५%. मधेच दुसरं घर घ्यायचं तर नफ्यावरचा टॅक्स पुढे ढकलणारं कलम १०३१ आहे. न विकता मुलांना गेलं तर स्टेप-अप मिळतो, तोवरचा नफा टॅक्सच्या दृष्टीने पुसला जातो.

आयआरएत यातलं काहीही नाही, आणि काढताना प्रत्येक डॉलरवर पगारासारखा टॅक्स. १५% चं २४% करून घेण्यात काय हशील?

डॅलसची_मुग्धा

+१. सेमिनारवाले हे सांगत नाहीत.

चक्रवाढ

गोदाकाठ, निष्कर्ष पटतो, वाट पटत नाही. हा युक्तिवाद सगळीकडे दिसतो म्हणून जरा सविस्तर.

रॅलेकरांच्या २,६०,००० मधले सगळे त्यांचे नाहीतच. २४% च्या पट्टीत धरले तर ६२,४०० सरकारचे, त्यांचे १,९७,६००. आता ही रक्कम दुप्पट होऊन ५,२०,००० झाली आणि काढतानाही २४% च लागले तर हातात ३,९५,२०० येतात. म्हणजे त्यांचे १,९७,६०० बरोबर दुप्पट झाले. त्यांच्या हिश्श्याच्या वाढीवर टॅक्स शून्य! सरकारने आपला वाटा त्यांच्याकडे ठेवायला दिला होता, तो वाढलेला घेऊन गेलं, इतकंच. तेव्हा 'कॅपिटल गेनचा पगार झाला' ही ओरड घरालाही लागू नाही आणि शेअरनाही नाही. पट्टी खाली आली, म्हणजे निवृत्तीनंतर १२% त गेलात, तर उलट फायदाच.

खरा प्रश्न असा की आयआरएतली जागा मर्यादित आहे, ती कोणाला द्यायची? बाहेर ज्याच्यावर सगळ्यात जास्त टॅक्स बसतो त्याला. बॉन्डचं व्याज, रीटचा (भाड्याच्या इमारती घेणाऱ्या, शेअरसारख्या विकत मिळणाऱ्या कंपन्यांचा) डिव्हिडंड. या दोघांवर बाहेर जवळजवळ पूर्ण दराने टॅक्स (रीटच्या डिव्हिडंडला २०% वजावट मिळते, तरी). भाड्याच्या घराकडे वर गोदाकाठ यांनी लिहिलेलं सगळं संरक्षण बाहेरच आहे. त्याला आत आणणं म्हणजे छत्रीवाल्याला रेनकोट द्यायचा आणि बिनछत्रीवाल्याला भिजत ठेवायचं.

म्हणून माझं मत: ज्याच्याकडे बाहेर घर घेण्याइतके पैसे आहेत त्याने घर बाहेर घ्यावं, आयआरएत दुसरं काही ठेवावं. ज्याची सगळी पुंजीच ४०१के त अडकली आहे आणि तरीही त्याला घरच हवंय, त्यानेच सेल्फ-डायरेक्टेडचा विचार करावा. रॅलेकर, तुम्ही यातले कोण?

रॅलेकर

बाहेर राहतं घर आहे, थोडी बचत आहे, दुसऱ्या घराच्या डाउन पेमेंटपुरती कशीबशी. पण बाहेर घेतलं तर कर्ज मिळेल. आयआरएत कर्ज मिळतं का?

हिशेबनीस

मिळतं, पण वेगळ्या जातीचं. नॉन-रिकोर्स हवं, म्हणजे हप्ते थकले तर बँकेने घर घ्यावं, तुमच्यामागे लागू नये. तुम्ही वैयक्तिक हमी दिली की प्रतिबंधित व्यवहार झाला. यावर २०१३ चा पीक विरुद्ध कमिशनर हा टॅक्स कोर्टाचा निकाल आहे. दोघांनी २००१ मध्ये आपापल्या आयआरएतून एक कंपनी काढली, त्या कंपनीने एक धंदा विकत घेतला, कर्जाला दोघांनी वैयक्तिक हमी दिली. २००६ मध्ये सगळं भल्या नफ्यात विकलं. कोर्ट म्हणालं, हमी दिलीत तेव्हाच खाती मोडली. सगळा नफा टॅक्सखाली. एक सही महागात पडली.

नॉन-रिकोर्सवाले बँकर घराच्या किमतीचा मोठा हिस्सा रोख मागतात, व्याजही चढं. आणि कर्ज आलं की यूडीएफआय येतो: जितका हिस्सा कर्जाचा, तितक्या उत्पन्नावर आयआरएला स्वतःला टॅक्स. पहिले १,००० डॉलर माफ, पुढे ट्रस्टचे दर, जे २०२५ मध्ये १५,६५० डॉलरच्या वर ३७% ला पोचतात.

प्रत्यक्षात भाड्यावर फारसं बसत नाही. वरचंच घर, निम्मं कर्ज: १०,००० मधून ७,००० व्याज आणि ५,८०० डेप्रिसिएशन गेलं की उरतं काय? (हो, यूडीएफआयच्या हिशेबात डेप्रिसिएशन मिळतं.) पण एकूण उत्पन्न १,००० च्या वर गेलं की ९९०-टी हा टॅक्सचा फॉर्म भरावाच लागतो, टॅक्स निघो न निघो. दणका बसतो विक्रीला. तिथे विक्रीच्या आधीच्या १२ महिन्यांतलं सर्वात जास्त कर्ज बघतात. म्हणून हुशार लोक कर्ज फेडतात, वर्षभर थांबतात, मग विकतात.

स्वतःचा धंदा असेल, कर्मचारी नसतील, तर सोलो ४०१के घ्या. घराच्या कर्जावरचा यूडीएफआय त्याला लागत नाही.

टेक्सन_तात्या

कागदांचा त्रास वाचवायला लोक 'चेकबुक एलएलसी' करतात. आयआरए एका एलएलसीचा (छोट्या खासगी कंपनीचा) मालक, तुम्ही बिनपगारी मॅनेजर, चेकबुक तुमच्या हातात. याबद्दल मत?

हिशेबनीस

१९९६ च्या स्वॉनसन निकालाने या रचनेला आधार दिला. पण २०२१ चा मॅकनल्टीही वाचा. बाईंनी आयआरएच्या एलएलसीतून सोन्याची नाणी घेतली आणि घरच्या तिजोरीत ठेवली. कोर्ट म्हणालं, बेधडक ताबा तुमच्याकडे म्हणजे पैसे काढलेच. घर तिजोरीत जात नाही हे खरं, पण चेकबुक हाती आलं की चूक करायला मधे कोणी उरत नाही. होम डेपोत (घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात) चुकून कुठलं कार्ड पुढे केलंत हे वर्षाच्या शेवटी मला कळतं.

डॅलसची_मुग्धा

एका विषयावर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. सिंडिकेशन, म्हणजे अनेकांनी पैसे घालून मिळून इमारत घेणं. आमच्याकडे गणपतीत, गेट-टुगेदरला, सगळीकडे कोणीतरी 'अपार्टमेंट कॉम्प्लेक्स घेतोय, ५०,००० टाका, आयआरएतूनही चालतील' म्हणत असतं. माणूस आपलाच, मराठीत बोलणारा, त्यामुळे नाही म्हणवत नाही.

२०२१-२२ मध्ये अशा बऱ्याच जणांनी बदलत्या व्याजदराची कर्जं घेतली होती. मार्च २०२२ ला जवळपास शून्यावर असलेला फेडचा दर जुलै २०२३ ला ५.२५-५.५० वर गेला. माझ्या मैत्रिणीने एकात पैसे घातले होते. आधी तिमाही पैसे थांबले, मग 'आणखी पैसे द्या, नाहीतर तुमचा हिस्सा घटेल' असं पत्र आलं. तिच्या आयआरएत रोकड नव्हती, बाहेरून फारसं घालता येत नव्हतं. हिस्सा घटला. पैसे बुडाले तर आयआरएतला तोटा टॅक्समध्ये दाखवताही येत नाही.

'कस्टोडियनने मंजूर केलं' याचा अर्थ त्याने कागद तपासले, गुंतवणूक नव्हे. एसईसीने (अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने) २०११ मध्येच हा इशारा दिला होता.

चक्रवाढ

अनुमोदन. आणि त्या सिंडिकेशनच्या डोक्यावर कर्ज असतं, म्हणजे यूडीएफआय तिथेही. के-१ वर (गुंतवणूकदाराला मिळणाऱ्या टॅक्सच्या पत्रकावर) बारीक अक्षरात येतो, लोक बघत नाहीत.

परतीचा_पक्षी

बाणेरचं कोणी उत्तर दिलं नाही, मी देतो.

अमेरिकेचा कायदा परदेशातल्या घराला नाही म्हणत नाही. अडतं भारतात. फेमाखाली (परकीय चलन कायद्याखाली) एनआरआय आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिक) व्यक्तीला फ्लॅट, दुकान, ऑफिस घेता येतं (शेतजमीन, फार्महाऊस, मळे नाहीत). आयआरएत खरेदीदार कोण? अमेरिकेतली ट्रस्ट कंपनी किंवा तुमची एलएलसी. ती एनआरआय व्यक्ती नाही. दुय्यम निबंधकाच्या टेबलापर्यंत जाण्याचा प्रश्नच येत नाही. पैसे आयआरएतून तुमच्या एनआरई खात्यात आणलेत तर त्याच क्षणी ते काढलेले पैसे, टॅक्स आणि १०% सकट. मग ते बाणेरला जावोत की बुधवार पेठेत.

परत जायचा विचार असेल तर आणखी एक. भारतात पूर्ण रेसिडेंट ('ऑर्डिनरिली रेसिडेंट') झालात की जगभरचं उत्पन्न तिथे करपात्र, आयआरए आत दरवर्षी कमावतो तेही. यासाठी २०२१ मध्ये आयकर कायद्यात ८९अ घातलं: अमेरिका, ब्रिटन, कॅनडामधल्या निवृत्ती खात्यांवर पैसे काढाल तेव्हाच कर. पर्याय निवडायला वेगळा फॉर्म भरावा लागतो. खात्यात मेम्फिसचं घर असेल तर पुण्यातल्या सीएला हे समजावून सांगायची तयारी ठेवा.

मेलबर्नकर

आमच्याकडे ऑस्ट्रेलियात हे प्रकरण फार लोकप्रिय. स्वतःचा सुपर, म्हणजे निवृत्ती, फंड (एसएमएसएफ) काढून घर घेतात, मर्यादित हमीचं कर्जही मिळतं. टॅक्स १५%, वर्षभर ठेवून विकलं तर नफ्यावर १०%, पेन्शन सुरू झाली की शून्य. पण नियम तोच, स्वतः किंवा नातेवाइकांनी राहायचं नाही. दरवर्षी ऑडिट सक्तीचं. मजा म्हणजे व्यापारी जागा मात्र स्वतःच्याच धंद्याला भाड्याने देता येते. आमचे डेंटिस्ट तेच करतात.

लंडनची_सई

ब्रिटनमध्ये सिपमध्ये (स्वतः चालवायच्या पेन्शन खात्यात) ऑफिस, गोदाम, दुकान चालतं. राहतं घर घेतलंत तर इतका टॅक्स की कोणी घेत नाही. कर्ज फंडाच्या निव्वळ मालमत्तेच्या ५०% पर्यंत.

शिरीष_नाशिक

अवांतर: आपल्याकडे एनपीएसमधून असं काही?

परतीचा_पक्षी

नाही. घरासाठी पैसे काढता येतात, स्वतःच्या वर्गणीच्या २५% पर्यंत, पण ते काढणं झालं, घर खात्यात राहत नाही. पीएफचंही तेच. भाड्याचं उत्पन्नच हवं असेल तर शेअर बाजारात नोंदलेले रीट आहेत, २०१९ मध्ये एम्बसीचा पहिला आला. त्यासाठी वेगळा धागा काढा, नाहीतर विषय भरकटून याचा काश्मीर होईल.

रॅलेकर

सगळ्यांचे आभार. सीपीए का पळाला ते कळलं. मी चक्रवाढ म्हणतात त्या पहिल्या गटात बसतो. ४०१के साध्या आयआरएत, त्यात थोडा रीट फंड. घर घेतलंच तर नावावर, कर्ज काढून. बायकोला फेमाचा प्रतिसाद वाचायला दिला, तिने "मग एनआरईत काय आहे ते दाखव" म्हटलं.

निमकी

एक राहिलं. घर आयआरएत असताना मालक गेला तर? तात्या, अपशकुन नको, सहज विचारतेय.

टेक्सन_तात्या

मुलगा आहे, तो काय करेल देव जाणे. हिशेबनीस?

हिशेबनीस

जोडीदार वारस असेल तर खातं आपल्या नावावर करून पुढे चालवता येतं. मूल असेल तर २०१९ च्या सिक्युअर कायद्यानंतर दहा वर्षांत खातं रिकामं करायचं, अल्पवयीन किंवा अपंग असेल तर अपवाद. घर विकून रोकड काढा, नाहीतर डीडच वारसाच्या नावावर करून घ्या. ट्रॅडिशनल असेल तर त्या दिवशीच्या बाजारभावावर टॅक्स, आणि तो भरायला घराची वीट मोडून देता येत नाही. स्टेप-अप नाही.

मालक जिवंत असतानाही हाच पेच: १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांना ७५ व्या वर्षापासून दरवर्षी ठराविक रक्कम काढावीच लागते. दुसऱ्या आयआरएत रोकड असेल तर तिथून काढता येते. नसेल तर घराचा तेवढा अंश डीडने आपल्या नावावर करत बसा, आणि प्रत्येक वर्षी नवं मूल्यांकन. रॉथला मालकाच्या हयातीत ही सक्ती नाही, म्हणून तात्यांचं बरं चाललंय.